गॅस भरून घेण्याआधी: गाडीचा एसी आणि हीटर स्वतः कसा तपासायचा

एसी गार होत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: "गॅस कमी झालाय, भरून देतो." गॅस भरला जातो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि ऐन मे महिन्यात पुन्हा कोमट हवा यायला लागते. नव्याने गाडी घेतलेल्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरतो. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून किंचित झिरपतो खरा, पण एका उन्हाळ्यात एसी बंद पडावा इतका नाही. तेवढ्यात गॅस संपला असेल तर तो कुठून तरी गळतोय. आणि गळत नसेल, तर बिघाड गॅसचा नाहीच.

पुढे सांगितलेलं पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांना लागू आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय त्या गाड्यांना हात लावू नका.

हाताशी काय हवं

- स्वयंपाकघरात वापरतात तसा सुईचा डिजिटल थर्मामीटर
- टॉर्च
- साधा मल्टिमीटर
- फ्यूज काढायचा चिमटा (बऱ्याच गाड्यांत फ्यूजच्या डब्यातच असतो)
- स्क्रू ड्रायव्हर आणि छोटा मऊ ब्रश
- गाडीसोबत आलेलं पुस्तक, कारण फ्यूजचा तक्ता त्यातच असतो
- एसीच्या आधीच्या कामांची बिलं

गॅसचा छोटा डबा आणि दाब दाखवणारं एक घड्याळ असा "घरच्या घरी गॅस भरा" संच ऑनलाइन मिळतो. तो घेऊ नका. त्यात फक्त कमी दाबाच्या बाजूचा आकडा दिसतो, आत किती ग्रॅम गेला ते कळत नाही आणि नळ्यांत शिरलेली हवा तशीच राहते.

१. आधी एसी चालतो कसा ते समजून घ्या

कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे पंख्याच्या हवेने निवतो आणि द्रव होतो. तो ड्रायरमधून (ओल शोषणारी डबी) गाळून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी येतो. व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून पुन्हा गॅस होतो. उकळताना लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढतो. आर-१३४ए हा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला गॅस साध्या वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो.

बॉनेटखाली या गॅसचे दोन पाइप सहज ओळखता येतात. बारीक पाइप गरम बाजूचा, जाड पाइप गार बाजूचा. एसी चालू असताना जाड पाइपवर पाण्याचे थेंब जमलेले दिसले तर ते चांगलं लक्षण आहे.

हीटरचा कॉम्प्रेसरशी काही संबंध नाही. इंजिनातला गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतो, त्याला हीटर कोर म्हणतात. ब्लोअर तोच. हवा किती गार कॉइलकडची आणि किती हीटर कोरवरची हे एक झडप ठरवते. ही झडप अर्धवट उघडी अडकली तर एसी ठणठणीत असूनही हवा कोमट येते, म्हणून दोन्ही बाजू एकत्रच तपासायच्या.

२. दहा मिनिटांची चाचणी

गाडी सावलीत उभी करा. उन्हात चार तास तापलेल्या गाडीवर एसीची परीक्षा घेऊ नका. तेव्हा डॅशबोर्ड, सीटं, छत सगळंच भट्टीसारखं झालेलं असतं आणि निरोगी एसीलाही दहा-पंधरा मिनिटं लागतात. अशा गाडीत आधी चारही काचा उघडून किलोमीटरभर चालवा, तुंबलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावा.

इंजिन गरम झाल्यावर एसी चालू, तापमान सर्वांत गार, ब्लोअर दोनवर, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, काचा बंद. थर्मामीटरची सुई डॅशबोर्डवरच्या, हवा येते त्या मधल्या जाळीत खुपसा. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा आणि दहा मिनिटांनी आकडा बघा.

बाहेर ३५ अंश असताना जाळीपाशी ७ ते १२ अंश आले तर एसी व्यवस्थित आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत आकडा एक-दोन अंशांनी वर राहतो, कारण कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. १५ च्या वर अडकला तर काहीतरी बिघडलंय. डावी आणि उजवी जाळी वेगवेगळी मोजा. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक असेल तर एकतर झडप अडकलीय किंवा गॅस कमी असल्याने कॉइलचा अर्धाच भाग गार होतोय.

आकडे लिहून ठेवा. गॅरेजमध्ये "गार होत नाही" असं सांगण्यापेक्षा "बाहेर ३६, जाळीत १९, पाच मिनिटांनी हवा कमी झाली" असं सांगितलं की मिस्त्रीही नीट तपासतो.

३. लक्षणावरून बिघाड ओळखा

गाडी धावताना गार, सिग्नलला गरम. कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. रेडिएटरचा पंखा बंद, मंद, किंवा कंडेन्सर चिखल, किडे आणि धुळीने भरलेला. धावताना समोरून वारा लागतो म्हणून बिघाड झाकला जातो. हेच लक्षण थोड्या कमी गॅसमुळे किंवा थकलेल्या कॉम्प्रेसरमुळेही येतं, पण पंखा आधी बघा, ते फुकट आहे.

सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने हवाच कमी येते. कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. ब्लोअरचा आवाज तोच असतो, पण जाळीतून फुंकर मारल्याएवढीच हवा येते. एसी बंद करून ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवला की बर्फ वितळतो आणि हवा पूर्ववत होते. कॉइल शून्याच्या जवळ पोचली की कॉम्प्रेसर बंद करायचं काम थर्मिस्टरचं. तो बिघडला की बर्फ होतो. तुंबलेल्या केबिन फिल्टरमुळेही होतो. कधी कधी कमी गॅसमुळेही.

हवा जोरात येते, पण मधूनमधून गार-गरम होते. इथे हवेचा जोर कमी होत नाही, हा वरच्यापेक्षा महत्त्वाचा फरक. नळ्यांत पाण्याचा अंश असेल तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून रस्ता अडवतो, वितळला की पुन्हा चालू. नीट व्हॅक्यूम न मारता (नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने न ओढता) गॅस भरल्याचा हा परिणाम असतो. दुसरं कारण कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे बेल्टची पुली कॉम्प्रेसरला जोडणारा भाग: झिजून त्याच्या दोन तबकड्यांमधलं अंतर वाढलं की गरम झाल्यावर तो पकडत नाही आणि गाडी निवल्यावर पुन्हा पकडतो.

घाट चढताना एसी आपोआप गरम. इंजिनाचं तापमान वाढलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजिन वाचवायला कॉम्प्रेसर तोडतो. एसीकडे बघू नका. इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा, गाडी बाजूला घ्या, इंजिन निवल्यावर कूलंट तपासा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळता कूलंट थेट तोंडावर येतो.

ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालतो. ब्लोअरचा रेझिस्टर (मोटरची वीज कमी करून वेग ठरवणारा भाग) जळालाय. वरच्या वेगाला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जाते, म्हणून तेवढा एकच वेग शिल्लक राहतो. रेझिस्टर स्वस्त भाग आहे, पण तो का जळाला ते बघा. मोटर जड फिरत असेल तर नवाही जळेल. प्लगचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर तोही बदला.

कुबट, ओल्या फडक्यासारखा वास. कॉइलवर बुरशी धरलीय. फिल्टर बदला, कॉइल फोमने धुवून घ्या. मुक्कामाला पोचण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल सुकते. सुगंधी डबी लावून वास दबतो, बुरशी तशीच राहते.

चालकाशेजारच्या बाजूला पायाखाली पाणी. कॉइलचं पाणी खाली सोडणारी रबरी नळी तुंबलीय. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर हीच खूण. नळीचं तोंड खालून मऊ वायरने हलक्या हाताने मोकळं करता येतं. मात्र ते पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट आहे आणि हीटर कोर फुटलाय. बोटांत चोळून बघा, फरक लगेच कळतो.

डॅशबोर्डमागून टकटक. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. तापमान बदलताना आवाज वाढला की खात्री समजा.

४. बॉनेट उघडून काय बघायचं

सैल कपडे, ओढणी, हातातलं कडं, सगळं आधी आवरा. इंजिन चालू असताना बेल्ट आणि पंख्याजवळ हात नेऊ नका. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

१. एक जण आत बसून एसीचं बटण दाबेल, दुसरा कॉम्प्रेसरकडे बघेल. "टक" असा आवाज होऊन पुलीचा पुढचा भाग फिरायला लागला म्हणजे क्लच पकडला. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, पुढचा भाग कायम फिरतो आणि आतली क्षमता व्हॉल्व्हने कमी-जास्त होते. अशा गाडीत टक ऐकू आली नाही म्हणून कॉम्प्रेसर गेला असं कुणी सांगितलं तर थांबा.

२. क्लच पकडत नसेल तर फ्यूज बघा. जळालेला फ्यूज त्याच अँपिअरचाच बदलायचा. दहाच्या जागी वीस घातला तर पुढच्या वेळी वायर जळते. मग रिले (वीज चालू-बंद करणारा डबीसारखा छोटा स्विच): त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले तात्पुरता तिथे लावून बघता येतो.

३. फ्यूज-रिले ठीक असतील तर क्लचचा प्लग काढून मल्टिमीटर लावा. एसी चालू असताना प्लगवर १२ व्होल्ट येत असतील आणि तरी क्लच पकडत नसेल तर दोष क्लचच्या कॉइलमध्ये किंवा अंतरात आहे. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम, तबकड्यांमधलं अंतर साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. व्होल्टेजच येत नसेल तर वायरिंग, सेन्सर किंवा प्रेशर स्विच. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही.

या प्रेशर स्विचची वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणारे मिस्त्री भेटतात. करू देऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइल नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर काही मिनिटांत जाम होतो. जाम होताना धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत जातो, मग कॉम्प्रेसरसोबत कंडेन्सर आणि ड्रायरही बदलावा लागतो, कारण आजच्या कंडेन्सरच्या बारीक वाटा धुऊन साफ होत नाहीत.

४. पंखा. एसी लावल्यावर थोड्याच वेळात तो सुरू व्हायला हवा. दोन वेग असलेल्या पंख्याचा कमी वेग बंद पडलेला अनेकदा लक्षात येत नाही.

५. कंडेन्सर टॉर्चने बघा. साध्या नळीने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा जाणं कायमचं थांबतं.

६. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरची खालची कड इथे तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग शोधा. गॅस दिसत नाही, पण जाताना ऑइलचा अंश सोडून जातो. डाग सापडला म्हणजे गळती बहुतेक तिथेच आहे. समुद्राकाठच्या गाड्यांत खारट हवेने कंडेन्सर सडतो, आणि महामार्गावर रोज धावणाऱ्या गाड्यांत समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा लागतो.

५. केबिन फिल्टर

बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजूंच्या कुशी दाबून डबा खाली सोडला की आडवं झाकण दिसतं. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा. दर १०,००० किलोमीटरला बघा. शहरात बांधकामांची धूळ असेल तर त्याआधी. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारा. वाळलेली पानं, उंदराने आणलेला कापूस, फोमचे तुकडे हमखास निघतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पुढच्या काचेच्या खालची जाळीही साफ ठेवा.

६. गॅसचं काम करून घ्यायचंच असेल तर

बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढा आणि गॅरेजमध्ये दाखवा. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ४५० ग्रॅमच गॅस असतो. मागे वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत बराच जास्त. ३५० ग्रॅमच्या गाडीत अंदाजाने शंभर ग्रॅम जास्त गेला तर तो तीस टक्क्यांच्या जवळ जादा झाला. दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो. "थोडा जास्त टाकतो, चांगलं गार होईल" हे चुकीचं आहे, तिथेच थांबवा.

आधी गेज (दाब मोजायची घड्याळं) लावून आकडे बघू द्या. आर-१३४ए असेल, बाहेर ३० ते ३५ अंश असतील आणि इंजिन १५०० आरपीएमवर असेल तर कमी बाजूला साधारण २५ ते ४० पीएसआय आणि जास्त बाजूला १८० ते २५० पीएसआय दिसायला हवेत.

- दोन्ही आकडे कमी: गॅस कमी, म्हणजे गळती शोधा.
- दोन्ही जास्त: गॅस जादा, आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरला हवा नाही.
- कमी बाजू जास्त आणि जास्त बाजू कमी: कॉम्प्रेसर दाब देत नाही.
- कमी बाजू शून्याकडे किंवा त्याखाली: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय.

एसी बंद असताना दोन्ही बाजू सारख्या होतात. ३० अंशांना तो आकडा ९७ पीएसआयच्या आसपास असतो. "बघा, प्रेशर भरपूर आहे, गॅस पूर्ण आहे" असं बंद एसीवर कुणी सांगितलं तर मानू नका. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तरी तोच आकडा दिसतो. किती ग्रॅम आहे ते गॅस बाहेर काढून वजन केल्यावरच कळतं.

गळती शोधायला नळ्यांत कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचं पाणी लावतात. फुगे आले तिथे गळती. टायरची हवा भरून तपासू देऊ नका, त्यात पाण्याची वाफ असते. ऑक्सिजन तर कधीच नाही, ऑइलशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. सगळे सांधे कोरडे निघाले तर कूलिंग कॉइलचा संशय घ्यायचा, आणि भरण्याच्या तोंडातली बारीक व्हॉल्व्ह पिनही तपासायची. पिन दोन मिनिटांत बदलते. तिच्यावरचं प्लास्टिकचं टोपण हरवलं असेल तर नवं बसवा, तेही सील करतं.

दुरुस्ती झाल्यावर सांध्यांच्या ओ-रिंग नव्या, त्यांना ऑइलचा हात, आणि सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा. नवा कंडेन्सर किंवा कॉइल बसवली तर त्यात राहिलेल्या ऑइलची भरपाई करायची, साधारण ३० ते ५० मिली, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेलाच.

मग व्हॅक्यूम. हा टप्पा घाईत उरकला जातो, म्हणून तिथे उभे राहा. पंप किमान ३० मिनिटं चालला पाहिजे. नंतर पंप बंद करून १०-१५ मिनिटं काटा बघायचा. काटा थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर गळती बाकी आहे आणि गॅस भरणं व्यर्थ आहे. मुंबईत काटा २९ इंचांपर्यंत (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे हवेचाच दाब २८ इंचांच्या आसपास, त्यामुळे काटा २७ च्या पुढे गेला की पंप ठीक आहे. पुण्यात "२९ येत नाही" म्हणून गळती शोधत बसायचं कारण नाही.

गॅस वजनकाट्यावर किंवा मशिनने मोजून भरायचा. तीन गोष्टी ठाम नाकारा: गळती बंद करणारं द्रव (ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅरेजच्या मशिनमध्येही घट्ट बसतं), घरच्या एसीचा आर-२२ गॅस, आणि लेबल नसलेल्या सिलिंडरमधला कुठलाही गॅस. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त प्रभावी आहे. आणि फवारा डोळ्यांत गेला तर डोळा गोठतो, म्हणून पाइप सोडताना मुलांना जवळ येऊ देऊ नका.

७. हीटर चालत नसेल तर

निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे किंवा महाबळेश्वरला हीटर लागतो तेव्हाच तो बंद असल्याचं कळतं. आधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. पातळी कमी असेल तर हीटर कोरमध्ये हवा अडकते आणि गरम कूलंट तिथे पोचत नाही.

मग थर्मोस्टॅट. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला मधूनमधून हात लावा. पहिली काही मिनिटं तो थंडच राहायला हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा काढून टाकलाय. "इंजिन गार राहील" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्याने हीटर तर जातोच, इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल-डिझेल जास्त लागतं आणि झीजही वाढते. नवा बसवून घ्या.

काटा नेहमीच्या जागी असेल आणि तरी हवा थंड, तर केबिनच्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन पाइप चाचपा. दोन्ही गरम असतील तर कूलंट पोचतोय, दोष झडपेचा. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर हीटर कोर तुंबलाय किंवा ज्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह असतो तिथे तो बंद अडकलाय. कोर तुंबण्याचं कारण बहुधा बोअरवेलचं पाणी. कूलंटऐवजी क्षारांचं पाणी वर्षभर फिरलं की घरच्या गिझरसारखीच आत पांढरी खपली धरते. तयार कूलंटमध्ये पाणी घालायचं नाही, घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

एक धोका इथेच सांगायला हवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून किंवा उभ्या गाडीत काचा लावून एसी-हीटर चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरचा कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वास येत नाही आणि जागही येत नाही.

८. पावसात काच धुरकट होते तेव्हा

ताम्हिणी, आंबोली, वरंध घाटात हे रोजचं आहे. आधी धुकं आतून आहे की बाहेरून ते ठरवा. वायपर एकदा फिरवा. पुसलं गेलं तर बाहेरून.

आतून असेल तर हवा पुढच्या काचेकडे वळवा, एसी चालू, बाहेरची ताजी हवा घेणारं बटण, तापमान किंचित गरम बाजूला, ब्लोअर दोन-तीनवर. एसी हवेतलं पाणी काढतो आणि कोमट हवा काच सुकवते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर चार जणांच्या श्वासाची आणि ओल्या रेनकोटांची वाफ आतच राहते. एसी बंद ठेवून नुसता हीटर लावला तरी काम अर्धवट होतं. हाताने पुसू नका, तेलकट ओरखड्यावर धुकं आणखी लवकर धरतं.

बाहेरून असेल तर काच आतून फार गार झालीय. हवा काचेवरून वळवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा, वायपर चालवा.

९. कागद आणि विमा

बिलावर गॅसचा प्रकार, ग्रॅम, ऑइल, बदललेले भाग आणि गळती कुठे सापडली हे लिहून घ्या. पुढच्या वेळी "मागच्या वर्षी ४०० ग्रॅम भरला, आता १८० निघाला" एवढ्या एका ओळीवरून गळतीचा वेग कळतो. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काहीही उघडण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जॉब कार्ड करा.

खडा लागून कंडेन्सर फुटला तर ते अपघाती नुकसान आहे आणि सर्वसमावेशक विम्यात मागता येतं. झिजलेला कॉम्प्रेसर किंवा सडलेली कॉइल साध्या पॉलिसीत बसत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, आणि क्लेम केला की २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. दोन्ही रकमा मांडून बघा आणि मगच अर्ज करा. फुटलेल्या भागाचे फोटो तो गाडीवर असतानाच काढा.

१०. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडी

यांपैकी बहुतेकांचा कॉम्प्रेसर बेल्टवर फिरत नाही, मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारिंगी वायर दिसली की हात मागे घ्या, मल्टिमीटरही लावू नका. फिल्टर बदलणं, कंडेन्सर धुणं आणि दहा मिनिटांची चाचणी एवढंच घरी करायचं. इलेक्ट्रिक गाडीत गरम इंजिनच नसल्याने हीटर विजेवर चालतो आणि थंडीत रेंज कमी होते. बऱ्याच गाड्यांत हाच गॅस बॅटरी गार ठेवायलाही वापरतात, त्यामुळे एसी बिघडला की चार्जिंगही मंदावू शकतं. दुरुस्ती टाळू नका.

गॅस भरणाऱ्याला एक प्रश्न आधीच विचारा: कुठलं ऑइल वापरणार? साध्या गाडीत पीएजी ऑइल चालतं, पण ते वीज वाहून नेतं. या गाड्यांत बहुधा पीओई ऑइल लागतं. त्याच मशिनने आधी साध्या गाडीत काम केलं असेल आणि नळ्या साफ केल्या नसतील तर पीएजीचा थोडासा अंशही कॉम्प्रेसरचं विद्युतरोधन बिघडवतो. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं मशिन नसेल तर गाडी तिथे लावू नका.